भंडारा जिल्ह्यातील वास्तू व उद्योग

भंडारा जिल्ह्यातील वास्तू व उद्योग : महाराष्ट्राच्या ईशान्य भागात, वैनगंगा नदीच्या खोऱ्यात प्राचीन काळापासून विकसित झालेली बांधकामाची व उत्पादक व्यवसायांची परंपरा. युरोप-अमेरिकेतील औद्योगिक शहरांत, तसेच मुंबई-नागपूर येथे, उद्योगांचा वारसा गिरण्या, धुराडी, गोदामे व कामगारांच्या चाळी अशा ठळक इमारतींच्या रूपाने एकवटलेला दिसतो. भंडारा जिल्ह्यात तो तसा एकवटलेला नाही. तलावाची पाळ, कोष्ट्याच्या घरातील मागाचा खड्डा, कासाराची भट्टी, भातगिरणीचे पटांगण आणि मँगॅनीजच्या खाणीबाहेरील टाकाऊ दगडांचे ढीग अशा विखुरलेल्या खुणांमधून तो ओळखावा लागतो. येथील प्रत्येक उद्योग माती, पाणी, रान किंवा खनिज यांच्याशी जोडलेला आहे. कच्च्या मालावरील संस्कार जिल्ह्यातच झाले, तेथे कसब व वस्ती वाढली. माल कच्च्या स्वरूपात बाहेर गेला, तेथे खड्डे व रेल्वेचे फाटे मागे राहिले, हे या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

भौगोलिक पार्श्वभूमी : जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या फाट्यांतील अंबागड व गायमुख यांच्या टेकड्या असून मध्यातून वैनगंगा वाहते. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर हे जिल्ह्याचे सात तालुके होत. १ मे १९९९ रोजी पूर्वेकडील भाग वेगळा करून गोंदिया जिल्हा निर्माण करण्यात आला. त्यामुळे जुन्या लेखनातील ‘भंडारा जिल्हा’ ही संज्ञा आजच्या दोन्ही जिल्ह्यांना व्यापते. २०११ च्या जनगणनेनुसार विद्यमान भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती.

जिल्ह्याच्या उत्तर सीमेलगतचा तुमसर-सिहोरा हा टापू या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. सिहोरा हे तुमसर तालुक्यातील मोठे खेडे तुमसर-बपेरा मार्गावर असून त्याच्या पुढे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याची हद्द लागते. बावनथडी नदी या भागात दोन राज्यांची सीमा आखीत वैनगंगेकडे जाते. एकीकडे धानाची सपाट शेते, दुसरीकडे टेकड्यांतील मँगॅनीजचे थर आणि दोहोंच्या मध्ये चांदपूरसारखा मोठा तलाव, अशी या टापूची रचना आहे. जिल्ह्याच्या आर्थिक जीवनातील पाणी, धान व खनिज हे तिन्ही घटक येथे थोड्या अंतरात एकत्र आढळतात.

प्राचीन काळ : जिल्ह्यातील सर्वांत जुने ज्ञात नागर केंद्र म्हणजे वैनगंगेच्या काठचे पवनी. एका बाजूस नदी व इतर बाजूंनी मातीचा तट आणि खंदक, अशी या नगराची संरक्षणव्यवस्था होती. नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते यांनी १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली येथील जगन्नाथ टेकडीचे उत्खनन केले. त्यात मौर्यकाळापर्यंत मागे जाणाऱ्या एका भव्य स्तूपाचे अवशेष उघडकीस आले. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याच्या खांबांवर दात्यांची नावे असलेले ब्राह्मी लेख असून मुचलिंद नागाचे अंकन असलेला स्तंभही मिळाला. महाक्षत्रप रूपिअम्म याचा स्मृतिस्तंभ व भार वंशातील भगदत्त राजाचा लेख यांमुळे नंतरच्या शतकांतील राजकीय घडामोडींवरही प्रकाश पडतो.

कठड्याचे खांब अनेक व्यक्तींच्या दानातून उभे राहिले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. एवढे दान करू शकणारा वर्ग, दगड घडविणारे कारागीर आणि लेख कोरणारे जाणकार त्या काळी या नदीकाठी होते, असे त्यावरून दिसते. जिल्ह्यातील वास्तुपरंपरेचा आरंभ अशा रीतीने राजवाड्यातून नव्हे, तर सामुदायिक दानातून झालेला आहे.

भंडारा या गावाचा उल्लेख कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या रतनपूर येथील १११४ च्या शिलालेखात ‘भाणारा’ या रूपाने आला असल्याचे मानतात. त्याच लेखात लांजिका (लांजी) व वैरागर यांचाही निर्देश आहे. ‘भाण’ म्हणजे पितळी ताट, त्यावरून हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती स्थानिक परंपरेत सांगितली जाते. ती भाषिक दृष्ट्या सिद्ध मानता येत नसली, तरी गावाची ओळख पितळेशी किती घट्ट जोडलेली होती, याची ती निदर्शक आहे.

तलाव : जिल्ह्यातील सर्वांत विस्तृत बांधकाम म्हणजे तलाव. भंडारा-गोंदिया भागास ‘तलावांचा प्रदेश’ म्हणतात. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने यांतील पुष्कळसे तलाव बांधले. कोहळी लोकांचे पूर्वज तलाव बांधण्यासाठी काशीहून आणले गेले, अशी त्यांच्यात परंपरा आहे. सांप्रत गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगाव बांध हा या परंपरेतील प्रसिद्ध तलाव कोलू पाटील कोहळी याच्या नावाशी निगडित आहे.

या तलावांची रचना साधी, पण भूमीच्या सूक्ष्म जाणिवेवर आधारलेली आहे. दोन टेकड्यांमधील किंवा उतारावरील योग्य जागा हेरून तेथे मातीची पाळ घालीत. पाणी सोडण्यासाठी पाळीत टप्प्याटप्प्याने उघडता येणारे तोंड ठेवीत. त्यास तुडुम म्हणतात. जादा पाणी वाहून जाण्यासाठी एका कडेस सलंग असे व तुडुमातून निघालेले पाणी पाटाने शेतांत जाई. वरच्या तलावाचे सांडपाणी खालच्या तलावात उतरावे, अशी साखळीही कित्येक ठिकाणी आढळते. शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतातील लहान साठवणीस बोडी हे नाव आहे. धानाचे पऱ्हे लावण्याच्या वेळी पाऊस ओढला, तर बोडीचे पाणी उपयोगी पडते. गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे व पाणी वाटणे ही कामे गावाने मिळून करावयाची असत. मासेमारीमुळे धीवर समाजाचाही तलावांशी निकटचा संबंध होता.

इंग्रजी अमलात मालगुजारी पद्धती रूढ झाल्यावर हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात आले व ‘मालगुजारी तलाव’ या नावाने ओळखले जाऊ लागले. मध्य प्रदेशातील जमिनींवरील मालकी हक्क नष्ट करणाऱ्या १९५० च्या कायद्यान्वये ते शासनाकडे गेले. शेतकऱ्यांची मालगुजारांच्या वर्चस्वातून सुटका झाली, हा या बदलाचा न्याय्य भाग होय. तथापि दुरुस्तीची जुनी व्यवस्था मोडली व तिची जागा घेणारी तितकीच जवळची व्यवस्था उभी राहिली नाही. गाळ साचून व अतिक्रमण होऊन अनेक तलावांची साठवणक्षमता घटली. सिहोऱ्याजवळील चांदपूर तलावास मात्र आधुनिक योजनेची जोड मिळाली. सोंड्याटोला उपसा सिंचन योजनेद्वारा बावनथडीचे पाणी उचलून त्यात सोडण्याची व्यवस्था करण्यात आली. जुन्या पाळीवर विजेच्या पंपाचा असा भार टाकताना पाण्याबरोबर विजेचा खर्चही सिंचनाच्या हिशेबात येतो.

किल्ले व घरे : तुमसरच्या पश्चिमेकडील टेकड्यांत अंबागड हा गिरिदुर्ग आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या कारकीर्दीत त्याचा अधिकारी राजाखान पठाण याने तो सु. १७०० मध्ये बांधला, असे मानतात. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला व त्यांनी त्याचा उपयोग बंदीवासासाठी केला. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारल्यावर नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि अशा किल्ल्यांचे लष्करी महत्त्व संपले.

लोकवस्तीतील घरबांधणी हवामानास व उपलब्ध साहित्यास अनुसरून होती. मातीच्या जाड भिंती, सागाचे खांब व त्यांवर कुंभाराने भाजलेल्या कवेलूंचे उतरते छप्पर हा सर्वसाधारण नमुना. पुढे ओसरी किंवा छपरी, मध्ये माजघर, मागे गुरांचा कोठा व सांदवाडी अशी घराची मांडणी असे. धान साठविण्यासाठी माती-बांबूच्या ढोल्या करीत. मालगुजारांच्या वाड्यांत याच मांडणीला माडी, चौक व कोरीव लाकूडकाम यांची जोड मिळे. कवेलूचे छप्पर दर पावसाळ्यापूर्वी उतरवून फेरावे लागे. त्यामुळे कुंभार व छप्पर फेरणारे यांना नियमित काम मिळत असे. सिमेंटचे पत्रे व काँक्रीटची छते आल्यानंतर हा व्यवसाय आकसला.

कारागिरांच्या घरांत निवास व कामाची जागा एकच असे. कोष्ट्याच्या घरात पुढची खोली मागासाठी राखलेली असे. माग जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर बसविलेला असल्याने विणकराचे पाय खड्ड्यातील पायट्यांवर व हात जमिनीच्या पातळीवर राहत. मातीच्या जमिनीतील ओलाव्यामुळे बारीक सूत सहसा तुटत नसे. कासाराच्या घरी मागील अंगणात भट्टी व पुढे विक्रीची जागा असे. घर हाच कारखाना असल्यामुळे व्यवसाय बुडाला की घराचे रूपही बदलले. माग निघाला, खड्डा बुजला आणि त्या जागी साधी खोली उरली. या प्रदेशातील औद्योगिक वास्तूंची नोंद अवघड होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

पितळी भांडी : भंडारा शहराची प्रसिद्धी दीर्घकाळ पितळी भांड्यांवर अवलंबून होती. पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. हे दोन्ही धातू जिल्ह्यात निघत नसल्याने कारागीर बाहेरून आणलेला पत्रा व जुन्या भांड्यांची मोड यांचा वापर करीत. मोड वितळवून नवे भांडे करण्याच्या पद्धतीमुळे ग्राहक व कारागीर यांच्यात कायमचे नाते राही. जुने भांडे वजनावर द्यावयाचे आणि घडणावळ भरून नवे घ्यावयाचे, असा व्यवहार असे.

भांडी ओतीव व ठोकीव अशा दोन्ही प्रकारांनी तयार होत. पत्र्याचे भाग हातोडीने ठोकून त्यांना आकार देत व डाख लावून ते जोडीत. त्यानंतर भांड्यावर मठारकाम करीत. हातोडीच्या सारख्या ठोक्यांनी पत्रा घट्ट होऊन भांड्यास टिकाऊपणा व विशिष्ट चमक येई. शेवटी भांडे चरकावर धरून घासून उजळीत. पाण्याचा गुंड, स्वयंपाकाचा गंज, कोपर, परात, घागर व तांब्या या भांड्यांना वऱ्हाड-नागपूरच्या घरांत मोठी मागणी होती. लग्नातील आंदणात पितळी भांडी आवश्यक मानली जात. त्यामुळे धंद्याचा मोसम लग्नसराईशी बांधलेला होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रथम ॲल्युमिनियमच्या व नंतर स्टेनलेस पोलादाच्या भांड्यांनी पितळेची जागा घेतली. ही भांडी हलकी वा स्वस्त होती व त्यांना कल्हईची गरज नव्हती. कासारांबरोबर कल्हईवाल्यांचाही व्यवसाय त्यामुळे खालावला. भंडाऱ्याच्या ईशान्येस, बालाघाट जिल्ह्यातील मलांजखंड येथे हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीची मोठी तांब्याची खाण १९८२ मध्ये कार्यान्वित झाली. पण तेथील संहत खनिज शुद्धीकरणासाठी दूर राजस्थानातील खेत्री येथे पाठविले जाई. तांबे शेजारच्या जिल्ह्यात सापडूनही भंडाऱ्याच्या भट्ट्यांना त्याचा लाभ झाला नाही.

विणकाम : पवनी, मोहाडी व आंधळगाव ही जिल्ह्यातील विणकामाची जुनी केंद्रे होत. पवनी बारीक सुताच्या व रेशीमकाठी धोतरांसाठी, उपरण्यांसाठी आणि लुगड्यांसाठी प्रसिद्ध होती. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांनी नागपूर येथे एम्प्रेस मिल सुरू केली. भंडाऱ्यापासून सुमारे ६० किमी.वर वाफेच्या शक्तीवर चालणाऱ्या चात्या फिरू लागल्याने हातमागाचा अंत जवळ आला, असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात परिणाम दुहेरी झाला. हाताने सूत कातण्याचा व्यवसाय जवळजवळ नाहीसा झाला. विणकर मात्र गिरणीचे सूत घेऊन रेशीमकाठी, बारीक पोताची वस्त्रे विणीत राहिले. गिरणीला लहान प्रमाणात व अनेक नमुन्यांत परवडत नसलेले काम त्यांच्याकडे उरले. पण सुताची किंमत व मालाची उचल या दोन्ही बाबतींत ते सावकार-व्यापाऱ्यांवर अवलंबून राहिले. पुढे एम्प्रेस मिलही टिकली नाही. १९८६ मध्ये ती राज्य शासनाच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली व २००२ मध्ये बंद झाली.

मोहाडी व आंधळगाव येथे टसर रेशमाचे म्हणजे कोशाचे विणकाम चालते. ऐन व अर्जुन या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचे कोश रानातून मिळत असून त्यांचे संगोपन मुख्यत्वे धीवर समाज करीत आला आहे. कोश शिजवून, त्यांतील तंतू ओढून केलेल्या सुताला नैसर्गिक सोनेरी-बदामी छटा असते. करवत काठी हा या प्रदेशातील साडीचा खास प्रकार. तिच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते. अंग व दोन्ही काठ यांसाठी तीन वेगवेगळे धोटे वापरून काठाचा व अंगाचा धागा एकमेकांत अडकवीत नेल्याने ही नक्षी उमटते. या कामास सहायकाची मदत लागते व वेळही बराच जातो. करवत काठी वस्त्रांना भौगोलिक चिन्हांकन मिळालेले आहे. रान, कोश, सूत व वस्त्र ही सर्व साखळी एकाच टापूत पूर्ण होत असल्याने या व्यवसायाचे कसब तुलनेने अधिक काळ टिकून राहिले.

रेल्वे व मँगॅनीज : नागपूर-छत्तीसगढ हा मीटरमापी लोहमार्ग १८८० च्या दशकाच्या आरंभी तुमसरमार्गे राजनांदगावपर्यंत पोहोचला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेऊन रुंदमापी केला व कलकत्त्याकडे वाढविला. छत्तीसगढातील व वैनगंगा खोऱ्यातील धान्य बाहेर नेणे हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. मात्र या मार्गामुळेच मँगॅनीजचा व्यापार शक्य झाला.

सौसर येथून नागपूर व भंडारा जिल्ह्यांतून बालाघाटपर्यंत पसरलेल्या प्राचीन रूपांतरित खडकांत मँगॅनीजचे थर आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील एल. एल. फर्मर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगॅनीज निक्षेपांवर विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. गोंड लोकांच्या नावावरून त्यांनी या पट्ट्यातील एका मँगॅनीजयुक्त खडकास ‘गोंडाइट’ असे नाव दिले व ते भूविज्ञानात रूढ झाले.

या धातूला मागणी निर्माण झाली ती पोलादाच्या क्रांतीमुळे. वितळलेल्या पोलादातील ऑक्सिजन व गंधक यांचा दोष मँगॅनीजमुळे दूर होतो. बेसेमर पद्धतीचे पोलाद त्याच्या वापरामुळेच व्यवहारोपयोगी ठरले. १८८२ मध्ये शेफील्ड येथे रॉबर्ट हॅडफील्ड यांनी मँगॅनीजचे प्रमाण अधिक असलेले अतिशय चिवट पोलाद शोधून काढले; रेल्वेच्या रुळांचे सांधे व दगड फोडण्याच्या यंत्रांचे जबडे यांसाठी ते वापरले जाते. इंग्लंड, बेल्जियम, फ्रान्स व अमेरिका येथील पोलाद कारखान्यांना उच्च प्रतीचे खनिज बाहेरून आणावे लागे. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या संस्थेने या पट्ट्यात खाणकाम वाढविले. तिचेच पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगॅनीज ओर कंपनी या ब्रिटिश कंपनीत रूपांतर झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारत हा जॉर्जियातील चिआतुरा खाणींच्या तोडीचा निर्यातदार बनला. पहिल्या महायुद्धात काळ्या समुद्राचा मार्ग बंद झाल्याने भारतीय खनिजाचे महत्त्व आणखी वाढले. [→ मँगॅनीज].

तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग व चिखला या जिल्ह्यातील प्रमुख खाणी होत. डोंगरी बुजुर्ग ही उघडी खाण असून तीत टेकडी पायऱ्यापायऱ्यांनी खणली जाते. चिखला येथे भूमिगत खाणकाम आहे. आरंभीच्या काळात खडक फोडणे, हातोडीने खनिज सोलून काढणे व हाताने निवडणे ही सर्व कामे मजुरांकडून होत. टोपल्या डोक्यावरून वाहण्यात स्त्रियांचा वाटा मोठा होता. आसपासच्या खेड्यांतील गोंड व इतर भूमिहीन कुटुंबे, तसेच बाहेरून आलेले मजूर खाणीवर राबत. तुमसर रोड स्थानकापासून तिरोडीपर्यंतचा रेल्वेफाटा या खाणींना मुख्य मार्गाशी जोडतो. मध्य प्रांतातील खनिजास जवळचे बंदर मिळावे, हा १९३३ मध्ये वाहतुकीस खुल्या झालेल्या विशाखापटनम् बंदराच्या उभारणीचा एक प्रमुख हेतू होता. म्हणजे भंडारा-बालाघाटच्या टेकड्यांतील खनिजाने पूर्व किनाऱ्यावरील बंदर व पश्चिमेकडील पोलादनगरे यांच्या वाढीस हातभार लावला. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत मागणी कोसळताच मजुरांचे कामही आटले. भाव ठरण्याच्या ठिकाणापासून खाण किती दूर आहे, हे त्या वेळी प्रकर्षाने जाणवले.

१९६२ मध्ये कंपनीची मालमत्ता घेऊन मँगॅनीज ओर (इंडिया) लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. तिचे ५१% भांडवल केंद्र सरकार, महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांचे व ४९% ब्रिटिश कंपनीचे होते. १९७७ मध्ये हे ४९% भागही घेण्यात येऊन ती पूर्णपणे सरकारी मालकीची झाली. २०१० मध्ये तिच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली. ‘मॉयल’ या नावाने ती ओळखली जाते. डोंगरी बुजुर्ग येथील डायऑक्साइड प्रकारचे खनिज विजेच्या कोरड्या घटांसाठी उपयुक्त असल्याने १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथेच विद्युत्‌विश्लेषी मँगॅनीज डायऑक्साइडचा कारखाना सुरू झाला. खनिज खाणीच्या तोंडाशीच शुद्ध उत्पादनात बदलण्याचा हा जिल्ह्यातील महत्त्वाचा प्रयत्न होय.

धान व विडी : धान हे जिल्ह्याचे मुख्य पीक असून तुमसर ही धान-तांदळाची जुनी बाजारपेठ आहे. पूर्वी घरोघरी मुसळाने किंवा ढेकीने धान कांडीत. ते मुख्यतः स्त्रियांचे काम असे. रेल्वेमुळे बाहेरची बाजारपेठ खुली झाल्यावर यांत्रिक भातगिरण्या निघाल्या. धान वाळविण्याचे फरसबंद पटांगण, उंच शेडमधील यंत्रे, पोत्यांची गोदामे व उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्यांत कोंड्यावर चालणाऱ्या भट्टीचे धुराडे, ही या गिरण्यांची ओळख होय. कोंडा इंधन म्हणून व कणी-भुसा पशुखाद्य म्हणून उपयोगात येत असल्याने येथे वाया जाणारे फार थोडे असते. या गिरण्यांमुळे ढेकीवरील कष्ट संपले, परंतु कांडपावर पोट भरणाऱ्या गरीब स्त्रियांचे उत्पन्नही गेले.

विडी उद्योग तेंदूच्या पानांवर उभा राहिला. उन्हाळ्यात रानातून पाने तोडून, पुडे बांधून व वाळवून ती वखारीत साठवितात. पान भिजवून कापणे, तंबाखू भरून वळणे व दोऱ्याने बांधणे हे काम बहुतांशी स्त्रिया घरी करतात. कारखाना म्हणजे कच्चा माल वाटण्याचे व तयार विड्या मोजून घेण्याचे ठिकाण. त्यामुळे हजारो हातांना काम देणाऱ्या या उद्योगाने इमारती मात्र फार थोड्या उभारल्या. १९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने घरी काम करणाऱ्यांनाही संरक्षण देण्याची तरतूद केली आणि महाराष्ट्र राज्याने १९६९ च्या कायद्यान्वये तेंदूपानांचा व्यापार आपल्या नियंत्रणाखाली आणला.

स्वातंत्र्योत्तर उद्योग : भंडाऱ्याजवळ जवाहरनगर येथे १९६० च्या दशकात युद्धसामग्रीचा सरकारी कारखाना व त्याबरोबर आखीव वसाहत निर्माण झाली. नियोजित रस्ते, निवासस्थाने, शाळा व रुग्णालय असलेली ही वसाहत जिल्ह्यातील नव्या नगररचनेचा नमुना ठरली. २०२१ मधील पुनर्रचनेनंतर हा कारखाना म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आला. २४ जानेवारी २०२५ रोजी येथे झालेल्या स्फोटात ८ जणांना प्राण गमवावे लागले. १९८२ मध्ये गडेगाव येथे अशोक लेलँड या वाहन कंपनीचा व त्याच दशकाच्या अखेरीस वरठी येथे सनफ्लॅग कंपनीचा पोलाद कारखाना सुरू झाला. हे कारखाने राष्ट्रीय महामार्ग व मुंबई-हावडा लोहमार्ग यांच्या आश्रयाने वसलेले आहेत. तलाव, रान किंवा स्थानिक कसब यांच्याशी त्यांचा संबंध मर्यादित आहे. पवनीजवळ १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाने खोऱ्यातील जलव्यवस्थेचे प्रमाणच बदलले. सिंचनाचे क्षेत्र वाढण्याबरोबर अनेक गावांचे विस्थापनही त्यामुळे घडले.

वारशाची स्थिती : पवनीचा स्तूप व अंबागड यांसारख्या अवशेषांस पुरातत्त्वीय महत्त्व लाभले आहे; उद्योगांच्या खुणांकडे मात्र त्या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही. मागाचे खड्डे, जुन्या भट्ट्या, खाणींवरील आरंभीच्या इमारती व रेल्वेफाट्यावरील लहान स्थानके यांची पद्धतशीर नोंद होणे आवश्यक आहे. तलावांचे तसे नाही. ते अद्यापि वापरात असून पाळ, तुडुम व पाट यांची दुरुस्ती हेच त्यांचे जतन होय. गेल्या काही दशकांत गाळ काढणे, देशी मासे व पाणवनस्पती पुन्हा वाढविणे यांसाठी धीवर समाजातील सहकारी संस्था व स्त्रियांचे गट पुढे आले आहेत. या प्रयत्नांतून जलसाठ्याबरोबरच तलाव सांभाळण्याचे ज्ञानही टिकून राहते.

सिहोरा-तुमसरच्या टापूत उद्योगाची दोन भिन्न रूपे शेजारी-शेजारी आहेत. खाणीतून निघालेले खनिज शतकाहून अधिक काळ बहुतांशी बाहेर गेले व त्याच्यापासून बनलेले पोलाद दूरच्या नगरांतील पूल, रूळ व इमारती यांत सामावले. तलावाचे पाणी मात्र दरवर्षी त्याच शेतांत उतरले व त्यावर पिकलेल्या धानाचे कांडपही जवळच होत राहिले. खनिजाचा साठा मर्यादित असतो. तलाव मात्र गाळ काढत राहिल्यास पुन्हा भरतो. जिल्ह्याच्या भावी औद्योगिक विकासाचा विचार करताना कच्च्या मालावरील संस्कार, त्यासाठी लागणारे कसब व त्यांचे उत्पन्न यांपैकी किती भाग जिल्ह्यात राहतो, ही कसोटी म्हणूनच महत्त्वाची ठरते.